सरकारच्या घरची इरजीक

तांबड्या कोंबडीचा उजवा पंजा आत वळलेला होता.

*

ढोलाला सकाळचं ऊन दाखवावं लागतं. नाही दाखवलं, तर तो पडसं झालेल्या माणसासारखा बोलतो.

*

गंगाधरपंत उकिडव्यांनी जन्मात नांगराला हात लावला नव्हता. एकदा नांगरच त्यांना लागला होता, वाटेत आडवा पडलेला. तेव्हापासून शेतीचे प्रश्न आपल्याला जवळून ठाऊक आहेत असं ते सांगत.

*

मीठ जव्हारात पिकत नाही.

*

पळसाची पानं काडीनं टाचली की पत्रावळ होते. फागी म्हातारी बोलता बोलता पत्रावळी टाचायची. भांडता भांडता अधिक चांगल्या टाचायची.

*

साहेबाला मराठी येत होतं, कारण त्यानं परीक्षा दिली होती. मराठीला साहेब येत नव्हता.

*

डोली वाहणाऱ्याच्या खांद्यावर घट्टा येतो. बाबल्याचा घट्टा एवढा वाढला होता, की त्याची बायको त्याला 'धाकटं डोकं' म्हणायची आणि थोरल्यापेक्षा त्यालाच जास्त तेल लावायची.

*

बाबल्याचा धाकटा भाऊ ढवळू. त्याच्या खांद्यावर घट्टा नव्हता. तिथं ढोलाचा पट्टा असायचा.

जव्हार संस्थानात वावर-वांगणी या गावांच्या बाजूला दवंडी ढवळूची. त्याच्या आधी त्याच्या बापाची. दरबारानं काही ठरवलं, की ते कचेरीत कागदावर उतरे, कागदावरून कारकुनाच्या तोंडी, तिथून ढवळूच्या कानी आणि ढवळूच्या तोंडून पाड्यापाड्यावर. एवढ्या वाटेत त्यातलं बरंचसं गळून जाई. जे उरे ते लोकांना कळे.

या कामाचं ढवळूला एकच मिळायचं: वेठ माफ. आणि वेठ म्हणजे काय, हे ज्याला माफ आहे त्यालाच नीट माहीत असतं. शिपायानं दारात येऊन "चल" म्हटलं, की विळा आहे तिथं टाकून चालायचं. रस्ता फोडायला, लाकूड ओढायला, अंमलदाराची डोली घाट चढवायला. भात कापणीला आलेलं असो नाहीतर बायको बाळंत होत असो. दाम नाही, भाकर नाही, उलट बोलण्याची सोय नाही.

"ढोल खांद्यावर हाय तवर डोली खांद्यावर नाय," असं बाप मरताना सांगून गेला होता. ढोल खरा थोरल्याला जायचा. पण बाबल्याचा गळा फुटक्या मडक्यासारखा वाजे, आणि ढवळूनं हाकारलं तर दरीपलीकडची गुरं मान वर करत. म्हणून एका भावाची मान सरळ राहिली आणि दुसऱ्याची एका बाजूला गेली. बाबल्याला आता कुणाकडं बघायचं तर सगळं अंगच वळवावं लागे. ढवळू रात्री निजताना आपल्या खांद्यावरून हात फिरवून बघे. गुळगुळीत असला की त्याला झोप लागे.

*

आता कचेरी.

मागल्या दौऱ्यात ठाण्याच्या गोऱ्या कलेक्टर साहेबानं 'वेठ' हा शब्द उच्चारून कपाळाला आठ्या घातल्या होत्या. आठ्या जाऊन वर्ष झालं तरी जव्हारात त्यांची धास्ती होती. यंदा साहेब पुन्हा येणार, तोही वावरच्या रस्त्यानं, आणि तो रस्ता पावसानं खाल्लेला. रस्ता तर व्हायला हवा, वेठ तर नको, आणि पैसा तर नाहीच. या तिन्हींतून वाट काढण्यासाठी एक सुधारणा कमिटी नेमली गेली. तिचे प्रमुख गंगाधरपंत उकिडवे. त्यांनी एका बैठकीत वाट काढली. वेठ बंद केली आणि तिच्या जागी लोकसेवा सुरू केली. माणसं तीच, काम तेच, दाम तोच, म्हणजे नाहीच.

कारकुनानं हुकूम वाचून दाखवला. ढवळू दारापाशी कान टवकारून उभा होता. सगळं डोक्यात बसलं, एक शब्द बसेना.

"रावसायेब, लोकसेवा म्हंजे काय वं?"

एरवी असल्या प्रश्नाला शिपायानंच उत्तर दिलं असतं, पायानं. पण उकिडवे त्या दिवशी खुशीत होते. शब्द त्यांनी स्वतः शोधलेला होता आणि आजवर कुणी त्याचा अर्थ विचारला नव्हता.

"लोकसेवा म्हणजे असं बघ," त्यांनी उपरणं सावरलं. "एकाचं काम ते सगळ्यांचं काम. ज्याचं काम असेल त्याच्याकडं सगळ्यांनी मिळून जायचं. आपण होऊन. आनंदानं. गात, वाजवत. कुणावर जुलूम नाही, शिपाई नाही, शिवी नाही. कळलं?"

ढवळूचा चेहरा उजळला. एवढंच होय!

"म्हंजे इरजीक!"

उकिडव्यांना हा शब्द नवा होता. लोकसेवेचा हा डोंगरी अपभ्रंश असावा, असं त्यांनी ठरवलं. 'लोक' गळून गेलं असेल, बाकीचं झिजलं असेल.

"हां, तेच तेच. तुमच्या भाषेत सांग. लोकांना समजल्याशी कारण."

*

ज्यांना समजलं नसेल त्यांच्यासाठी, भात शिजण्याच्या आत: इरजीक म्हणजे कुणाचं शेत मागं पडलं, की त्यानं पाड्याला हाक घालायची. पाडा ढोल घेऊन येतो, गाणी म्हणत दिवसात शेत उरकून टाकतो. मजुरी कुणी मागत नाही. पण काम संपलं की घरधन्यानं सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं, आणि पहिला भात आपल्या हातानं वाढायचा. इरजिकीला आलेलं माणूस उपाशी परत गेलं तर कणसरी रुसते. ती धान्याची देवी. ती त्या घरच्या कणगीत पुन्हा पाय ठेवत नाही. म्हणून काम झाल्यावर जेवल्याशिवाय जायची पद्धतच नाही. जाणाऱ्याला पाप आणि जाऊ देणाऱ्याला दुप्पट.

हे उकिडव्यांनी विचारलं नाही. ढवळूनं सांगितलं नाही. पाऊस खाली पडतो हे कुणी कुणाला सांगतं का?

*

"ऐका हो ऐका! सरकारानं वेठ बंद केली! वेठ मेली, तिचं दहावं झालं! आता सरकारच्या घरची इरजीक हाय! वावरच्या रस्त्याला! ढोल आणा, गानी आणा, आपल्या पायानं या! शिपाय येनार नाय, शिवी येनार नाय!"

पहिल्या पाड्यावर कुणी घराबाहेर आलं नाही. दवंडी म्हणजे पळायची वेळ, हे ज्याला त्याला ठाऊक. फागी तेवढी अंगणात बसून होती. पळायचं वय तिनं मागं टाकलं होतं.

"काय बोललास? कुनाची इरजीक?"

"सरकारची, काकी."

"सरकार जेवाला घालल?"

"इरजीक म्हटली म्हंजे जेवान आलंच का नाय? ते काय दवंडीत सांगाचं?"

"आपल्या हातानं वाढल?"

"रीतच ती."

फागीनं दातांतली काडी पानात टोचली. "माझा डोकरा नवरा वेठीला रस्त्यावर मेला," ती म्हणाली. "त्याला मरताना पान्याचा थेंब नाय दिला सरकारानं. आता जेवाला बोलावतंय. म्हातारं झालंय वाटतं सरकार. मराला टेकलं का मानूस असाच गोड व्हतो."

संध्याकाळी बाबल्या सगळं अंग वळवून भावाकडं बघत म्हणाला, "ढवळ्या, नक्की ना रं?"

"मी तोंडावर इचारलं, दादा. रावसायेब बोलला, तेच तेच. दोनदा बोलला."

"दोनदा बोलला म्हंजे अर्धं खोटं असल," बाबल्या म्हणाला. पण कुदळ मात्र त्यानं धुऊन ठेवली. वेठीची कुदळ कुणी धूत नाही.

*

कमिटीचे प्रमुख दुसऱ्या दिवशी सकाळी वावरच्या रस्त्यावर पोचले आणि डोलीतून उतरायचं विसरले.

वेठीला माणूस येतं ते मेलेल्या पायांनी. शिपाई बघत असला की दगड उचलतं, तो पाठमोरा झाला की तोच दगड खाली ठेवतं. असा एकच दगड दिवसभर पुरतो. आज पाडेच्या पाडे ढोल वाजवत उतरत होते. बायकांनी फुलं माळली होती. फागी गाण्याची ओळ उचलत होती, बाकीचे झेलत होते. गाण्यात सरकारला 'घरधनी' म्हटलेलं होतं आणि त्याच्या मिशीबद्दल बरंच काही होतं. खड्डे भरले, दरड हटली, ओहोळावर दगड बसले. उन्हं कलायच्या आत रस्ता असा झाला, की त्यावरून चालायचं तर लोकच पाय पुसू लागले.

"पाहा," उकिडवे कारकुनाला म्हणाले. "शब्दाचं सामर्थ्य पाहा."

मग लोकांनी हातपाय धुतले, रस्त्याच्या कडेनं रांगेत सगळे उकिडवे बसले आणि समोर पत्रावळी मांडल्या.

उकिडव्यांना वाटलं, भाषणासाठी बसले. एवढी ज्ञानाची भूक त्यांनी पुण्यातही पाहिली नव्हती. ते दगडावर चढले आणि कर्तव्य, परोपकार आणि रयतेची उन्नती या तीन विषयांवर सविस्तर बोलले. लोक मन लावून ऐकत होते. जेवणाआधी घरधनी देवाचं काहीतरी म्हणतो, तसं हे सरकारी असेल. लांब आहे, पण घरही मोठं आहे.

भाषण संपलं. कुणी उठलं नाही.

"झालं," उकिडवे म्हणाले. "या आता."

'या' म्हटल्यावर लोक थोडे पुढं सरकले.

"अरे, घरी जा!"

हे कुणाला ऐकूच आलं नाही. म्हणजे कानांना आलं, पण असं काही घरधनी बोलेल हे मनाला पटेना. फागीनं शेजारणीला विचारलं, "भात करपला का काय त्याचा?"

कारकुनानं चौकशी केली, परत आला आणि उकिडव्यांच्या कानाशी लागला. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. खालच्या वळणावर साहेबाचा घोडा दिसू लागला होता.

त्यांनी ढवळूला झाडामागं ओढलं.

"गाढवा, काय सांगितलंस यांना?"

"इरजीक, रावसायेब. तुमीच बोलला, तेच तेच..."

"उठव यांना! आत्ता! दवंडी दे की जेवण नाही, घरी जा. साहेब येईतो एक माणूस इथं दिसलं तर हा सरकारी ढोल काढून घेईन आणि उद्यापासून तुला डोलीला जुंपीन. कळलं?"

हे ढवळूला पहिल्या खेपेलाच कळलं. याला अर्थ विचारायची गरज नव्हती.

तो रांगेसमोर येऊन उभा राहिला. उन्हात ठेवलेला ढोल ताठ झाला होता. त्यानं टिपरी उचलली. सगळ्या माना वर झाल्या. बाबल्यानं सगळं अंग वळवलं. त्याच्या खांद्यावरचं धाकटं डोकंही जणू ऐकायला पुढं आलं. ढवळूला एकदम आपल्या खांद्याची त्वचा जाणवली, गुळगुळीत, पट्ट्याखालची. एक वाक्य, आणि ती तशीच राहणार होती.

पण त्या वाक्यानं कालचं वाक्य खोटं पडणार होतं. आणि दवंडी देणाऱ्याकडं दुसरं असतं काय? ढोलात तर पोकळीच असते.

"ऐका हो ऐका!" त्याचा आवाज दरीत गेला आणि परत आला. "भात... भात चुलीवर चढतोय! जरा दम धरा! जेवल्याबिगर कुनी जानार नाय!"

झाडामागं काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तो कारकून होता. उकिडवे त्याच्यावर टेकले होते.

*

साहेब घोड्यावरून उतरला. टोपी काढून त्यानं रांगेकडं पाहिलं आणि परीक्षेत पास झालेल्या मराठीत विचारलं, "हे लोक कोणत्या हेतूने येथे आसनस्थ झालेले आहेत?"

उकिडव्यांनी तोंड उघडलं, पण फागीचं आधीपासूनच उघडं होतं.

"जेवाला बसलो हाव, सायबा. तू पन बस. तुला पान देतां."

साहेबाला तिच्या बोलण्यातलं जेवण तेवढं कळलं. "भोजन! यजमान कोण आहेत?"

सगळ्या रांगेनं उकिडव्यांकडं बोट केलं. एवढ्या बोटांचा मान त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता.

"श्रमदात्यांना भोजन!" साहेब भारावला. "हे वेठीच्या अत्यंत विरुद्ध आहे. मी पाहण्यास थांबेन."

"आमच्या कमिटीची ती प्रथाच आहे, साहेब," उकिडवे म्हणाले. यशस्वी कारभारी तो, जो पडता पडता आपण बसायलाच आलो होतो असं दाखवतो.

आता शिजवायचं काय? जवळ एकच गोष्ट होती. साहेबाच्या तळासाठी शिपायांनी जमा केलेली रसद. तांदूळ, कोंबड्या, तूप, लाकूड. ती याच पाड्यांवरून उचललेली. साहेबासमोर तिची पोती सोडली गेली. चुली पेटल्या.

*

इथं काही घडत नाही. भाताला वेळ लागतो. लोक बसून आहेत. उकिडवे उभे आहेत. साहेब पाइप ओढत बसलेल्या लोकांचं चित्र काढतोय आणि सगळ्यांना एकसारखं नाक देतोय.

*

वाढायची वेळ आली तेव्हा पुन्हा अडलं. पानात कुणी वाढू देईना. आचारी आला, पत्रावळीवर हात आडवे. शिपाई आला, हात आडवे.

"घरधन्यानं वाढाचं," फागीनं खुलासा केला. "नायतर ती वेठ झाली."

साहेबाला 'वेठ' कळलं. त्याच्या आठ्या येऊ लागल्या. त्या पुऱ्या यायच्या आत उकिडव्यांनी भातवाढी उचलली. सोवळं, उपरणं, कमिटी सगळं एका हातानं सावरत, वाकून वाकून त्यांनी रांगभर भात वाढला. साहेबाला राहवेना. तोही मागून आपल्या डब्यातलं मीठ वाढत आला.

फागीनं रश्श्यातला पाय उचलून उन्हात धरला. पंजा आत वळलेला होता.

"ही माझी तांबडी!" ती ओरडली. "परवा शिपाय घेऊन गेला ती!"

"हळू, काकी," ढवळू म्हणाला.

"हळू काय? भात आपला, कोंबडी आपली, लाकडं आपली. मग सरकारनं घातलं काय?"

बाबल्यानं सगळं अंग वळवून मागं बघितलं. साहेब वाकून कुणाच्या तरी पानाच्या डावीकडं चिमूट ठेवत होता.

"मीठ," बाबल्या म्हणाला. "सरकारचं मीठ खाल्लं आपन. आता इमानात राहाला पायजे."

हसू रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलं. ढवळूही हसला, आणि हसता हसता त्याचा हात खांद्यावर गेला.

*

ठाण्याच्या एका साप्ताहिकात बातमी आली. 'जव्हार संस्थानात लोकसेवेचा अभिनव प्रयोग; उच्चनीच भाव विसरून सहभोजन; श्री. उकिडवे यांची स्वहस्ते वाढणी.' साहेबानं शिफारस पाठवली: दर वर्षी व्हावं, तेही प्रत्येक रस्त्याला.

हे परवडण्यासारखं नव्हतं. कमिटीच्या बैठकीत ठरलं: लोकसेवा चालू, जेवण बंद. पुढल्या कामाला शिपायानं 'लोकसेवा' म्हणून हाकारलं, तेव्हा माणसं रस्त्यावर आली ती कुदळ विसरून, पण पत्रावळी घेऊन. एका पाड्यानं तर निरोपच पाठवला: आधी काय शिजतंय ते कळवा. शेवटी कमिटीनं ठराव केला: लोकसेवेचा अर्थ रयतेस नीट उमगत नसून वेठीचा उमगतो. सबब, लोकाग्रहास्तव वेठ पूर्ववत सुरू करण्यात येत आहे. साहेबाला पाठवायच्या अहवालात मात्र शब्द लोकसेवाच राहील.

ढवळूला कचेरीत बोलावलं.

"सरकारी ढोल ठेव तिथं," उकिडवे म्हणाले. "खोटी दवंडी दिलीस."

"खोटी कशी, रावसायेब? जेवले की सगळी."

याला उत्तर नव्हतं, म्हणून शिपायानं दिलं.

*

घाटात चार माणसं डोली घेऊन चढत होती. आत उकिडवे ते साप्ताहिक वाचत होते, मोठ्यानं, शेजारून चालणाऱ्या कारकुनासाठी. पुढच्या दांड्याला बाबल्या. मागच्याला ढवळू. पहिल्याच दिवशी कातडं सोलवटलं होतं. भावानं त्यावर पळसाचं पान बांधून दिलं होतं.

"ढवळ्या," बाबल्या पुढं बघतच म्हणाला. त्याला मागं बघता येत नव्हतं. "आजची काय, इरजीक का?"

"इरजीकच, दादा."

"मग घरधनी वाढल ना?"

"वाढतोय की. रोज वाढतोय. खांद्यावर घेतला का कळतं."

डोली हलली. बाकीचे दोघे हसत होते. आतून आवाज आला, "नीट चाला रे!" आणि पुन्हा वाचन सुरू झालं. 'उच्चनीच भाव विसरून.'

पलीकडच्या पाड्यावर नवा दवंडीवाला शिपाई ढोल बडवत होता. त्यानं ढोलाला ऊन दाखवलं नव्हतं. आवाज पडसं झाल्यासारखा येत होता. तरी तो ऐकून फागी अंगणात आली, रीतीनं पत्रावळ समोर मांडली आणि बसून राहिली. शिपाई हुकूम वाचून गेला तरी ती उठली नाही.

*

तो ढोल दरबारचा नव्हता. ढवळूच्या बापानं तो आंब्याच्या खोडातून स्वतः कोरला होता, आणि त्यावरचं कातडं त्यांच्या घरच्या बकऱ्याचं होतं.